स्त्रीबीज : घेतलेल्याची नोंद आहे, देणारीची कुठे आहे?

गेल्या आठवड्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीचा मेसेज आला. "मॅडम, लग्नाला नऊ वर्षं झाली. डॉक्टरांनी आता डोनर एग घ्या म्हणून सांगितलंय. सासूबाई म्हणतात, दुसऱ्या बाईचं बीज घेऊन झालेलं मूल आपलं कसं? मला उत्तर देता येत नाही. तुम्ही इतिहास शिकवता ना, काहीतरी सांगा."

उत्तर इनबॉक्समध्ये मावणारं नव्हतं. तिची परवानगी घेऊन इथे लिहितेय. पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा. आपल्या सांगली-मिरजेत आज जागोजागी टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या पाट्या दिसतात. पाटीवर गुटगुटीत बाळ असतं, हसणारं जोडपं असतं, डॉक्टरांचं नाव आणि पदव्या असतात. जिच्या बीजावर यातली बरीच बाळं जन्माला येतात, ती बाई पाटीवर नसते. तिच्याबद्दल आपण घरातही बोलत नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी स्वतः स्त्रीबीज दिलेलं आहे, २००८ साली. त्यामुळे मी तटस्थ वगैरे नाही. तरीही इतिहास जमेल तितका सरळ सांगते.

सुरुवात शब्दापासून करू. 'स्त्रीबीज' हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्यात काही विशेष वाटत नाही. पण आपल्या जुन्या धर्मशास्त्राच्या हिशेबात हा शब्द उलटाच आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बीज आणि क्षेत्र यांची लांबलचक चर्चा आहे. त्यात पुरुष बीज आणि बाई शेत. पीक कोणाचं, बियाण्याच्या मालकाचं की शेताच्या मालकाचं, असा वाद तिथे चालतो. गंमत बघा, दोन्ही मालक पुरुषच! शेताला विचारायचा प्रश्नच येत नाही. आयुर्वेदाने मात्र गर्भाला शुक्र आणि शोणित दोन्ही लागतात असं सांगितलं होतं, हेही नोंदवायला हवं. पण रोजच्या समजुतीत जिंकली ती शेताचीच उपमा. आजही आपल्याकडे "बी कुणाचं?" असं विचारतात तेव्हा बापाबद्दलच विचारतात.

आता मूल होत नसेल तर काय करायचं, यावर जुन्या समाजाची उत्तरं बघा. नवऱ्यात दोष असेल किंवा नवरा वारला असेल तर नियोग होता. महाभारतात विचित्रवीर्य निपुत्रिक गेला, तेव्हा सत्यवतीने व्यासांना बोलावलं आणि अंबिका-अंबालिकेला धृतराष्ट्र आणि पंडू झाले. बीज बाहेरून आलं, तरी मुलं कुरुवंशाची मानली गेली. कोणी म्हटलं नाही की ही आपली कशी. म्हणजे दुसऱ्याचं बीज घेऊन वंश चालवणं ही कल्पना आपल्याला नवी नाही. फक्त ती सोय पुरुषाच्या बाजूची होती.

बाईला मूल होत नसेल तर? तिथे मनूचं उत्तर स्पष्ट आहे. मूलच होत नसेल तर आठव्या वर्षी दुसरी बायको करावी. म्हणजे सवत. दोष कुणात आहे हे तपासायचं साधन नव्हतं, आणि कोणाला तपासायचंही नव्हतं. 'वांझ' हा शब्द बाईसाठीच राहिला. पुरुषासाठी तितका रोजच्या वापरातला शब्द आठवून बघा, लवकर सापडत नाही. ओटी भरताना कोणाला मागे उभं करायचं, डोहाळजेवणाला कोणाला बोलवायचं नाही, हे आपल्या आज्या-पणज्यांना तोंडपाठ होतं. हा सवतीचा मार्ग कायद्याने बंद व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. मुंबई प्रांतात १९४६ साली हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला बंदी आली आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने ती देशभर लागू झाली. म्हणजे माझ्या आजीच्या पिढीपर्यंत मूल न होणाऱ्या बाईच्या डोक्यावर ही तलवार कायद्याच्या संमतीने टांगलेली होती.

याच महाराष्ट्रात एका जोडप्याने वेगळी वाट धरली. जोतीराव आणि सावित्रीबाईंना मूल झालं नाही. जोतीरावांनी दुसरं लग्न केलं नाही. त्यांच्या घरी आश्रयाला आलेल्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तो यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगमध्ये सावित्रीबाई रुग्णांची सेवा करता करता गेल्या, ती सेवा यशवंतच्याच दवाखान्याशी जोडलेली होती. "मूल आपलं कसं?" या प्रश्नाला फुल्यांच्या घराने दीडशे वर्षांपूर्वी दिलेलं हे उत्तर आहे. सासूबाईंना सांगायला ते पुरेसं आहे, पण अजून पुढे बरंच आहे.

आता विज्ञानाकडे येऊ. सस्तन प्राण्यांच्या मादीत बीज असतं हे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिलं कार्ल अर्न्स्ट फॉन बेअर या शास्त्रज्ञाने, १८२७ साली, एका कुत्रीच्या बीजाशयात. पुढे १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविगने समुद्रातल्या सी अर्चिन या प्राण्यात पुरुषबीज आणि स्त्रीबीज यांची केंद्रकं एकत्र येताना पाहिली. 'शेत' म्हणवली जाणारी बाजूसुद्धा बीज देते, निम्मं देते, हे सिद्ध झालं. हजारो वर्षांच्या समजुतीला हा मोठा धक्का होता. पण तो प्रयोगशाळेतच राहिला, स्वयंपाकघरापर्यंत पोचला नाही.

पुरुषबीजाचं दान त्या मानाने फार लवकर सुरू झालं. १८८४ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला विल्यम पॅनकोस्ट नावाच्या डॉक्टरने एका बाईला क्लोरोफॉर्म देऊन परक्या पुरुषाचं बीज तिच्या गर्भाशयात सोडलं. तिला विचारलं नाही, नंतर सांगितलंही नाही. नवऱ्याला मागाहून सांगितलं. ही हकिगत छापून आली ती थेट १९०९ मध्ये. या क्षेत्राच्या इतिहासात बाईची संमती किती मागून आली, हे लक्षात यावं म्हणून मी वर्गात हे उदाहरण सांगते.

स्त्रीबीज दानाला मात्र त्यानंतर शंभर वर्षं लागली. कारण साधं आहे. पुरुषबीज शरीराबाहेर येतं, द्यायला एक भांडं पुरतं. स्त्रीबीज बीजाशयात खोल असतं, महिन्याला साधारण एकच पिकतं, आणि ते काढायला सुई आत न्यावी लागते. आधी एकाऐवजी अनेक बीजं पिकवणारं औषध हवं होतं. ते कुठून आलं ठाऊक आहे? इटलीतल्या वृद्ध जोगिणींच्या लघवीतून! पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीत बीजाशयाला चालना देणारी संप्रेरकं भरपूर असतात. कॉन्व्हेंटमधून लघवी गोळा करून एका इटालियन औषध कंपनीने ती वेगळी काढली. त्या औषधावर पहिलं बाळ १९६२ मध्ये इस्रायलमध्ये जन्मलं. ज्यांनी आयुष्यभर संसार केला नाही, मूल जन्माला घातलं नाही, अशा बायकांच्या जिवावर जगभरचे पाळणे हलले. त्यांचीही नावं कुठे नाहीत.

२५ जुलै १९७८ ला इंग्लंडमध्ये लुईस ब्राऊन जन्मली, जगातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी. श्रेय रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांना मिळालं, एडवर्ड्सना २०१० मध्ये नोबेलही मिळालं. प्रयोगशाळेत बीजं सांभाळणारी जीन पर्डी ही परिचारिका मात्र कित्येक वर्षं तळटीपेत राहिली. त्यानंतर सत्तर दिवसांनी, ३ ऑक्टोबर १९७८ ला, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून एक मुलगी जन्मली. त्यांनी संप्रेरकं देऊन अनेक बीजं मिळवली होती, गर्भ गोठवून ठेवला होता. आज या दोन्ही गोष्टी रोजच्या झाल्या आहेत. तेव्हा सरकारी समितीने त्यांना खोटं ठरवलं, त्यांची बदली डोळ्यांच्या संस्थेत केली. १९ जून १९८१ ला त्यांनी आत्महत्या केली. 'एक डॉक्टर की मौत' हा सिनेमा ज्यांनी पाहिलाय त्यांना ही कथा ओळखीची वाटेल.

दुसऱ्या बाईचं बीज वापरून बाळ जन्माला आलं ते १९८३ च्या अखेरीस, ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या पथकाकडे. बाळाच्या आईचं बीजाशय काम करत नव्हतं, बीज दुसऱ्या बाईचं होतं. अमेरिकेत डॉ. जॉन बस्टर यांच्या पथकाने १९८४ च्या सुरुवातीला वेगळ्या रीतीने तेच केलं. तिथे बीज देणाऱ्या बाईच्याच गर्भाशयात गर्भ धरवला आणि पाचेक दिवसांनी तो धुऊन काढून दुसरीच्या गर्भाशयात ठेवला. ही रीत पुढे मागे पडली. तो गर्भ निघाला नाही तर देणारीच गरोदर राहण्याचा धोका होता, हे वेगळं सांगायला नको.

आपल्याकडे ६ ऑगस्ट १९८६ ला परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या पथकाने टेस्ट ट्यूब बेबी जन्माला घातली. तीच भारतातली पहिली म्हणून नोंदली गेली. पुढे आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांची कागदपत्रं स्वतः वाचली आणि १९९७ मध्ये जाहीर सांगितलं की पहिलेपणाचा मान माझा नाही, त्यांचा आहे. आपलं पहिलं स्थान सोडून देणारे असे लोक इतिहासात फार थोडे भेटतात. ज्यांचं बीजाशय थांबलं आहे अशा बायकांसाठी दुसरीचं बीज वापरून भारतातलं पहिलं बाळ जानेवारी १९९१ मध्ये जन्मलं, तेही डॉ. हिंदुजांच्याच हातून. म्हणजे भारतातल्या स्त्रीबीज दानाचा इतिहास आपल्या मुंबईत सुरू होतो.

हे सगळं वाचताना मी दर वेळी शोधते : डॉक्टर कळले, तारीख कळली, बाळ कळलं. बीज कोणी दिलं? तिथे ओळ रिकामी. गोपनीयता हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण नाव झाकणं वेगळं आणि माणूसच हिशेबातून गाळणं वेगळं. तिचं वय काय होतं, तिला नंतर त्रास झाला का, तिने का दिलं, हेही कुठे वाचायला मिळत नाही.

आता माझी गोष्ट. माझ्या आतेबहिणीची, ताईची, पाळी चौतिसाव्या वर्षीच थांबली. दोन वर्षं उपचार झाले. शेवटी पुण्यातल्या डॉक्टरांनी स्त्रीबीज दान सुचवलं. तेव्हा मी एकोणतीस वर्षांची, माझा मुलगा चार वर्षांचा. ताईने विचारलं नाही, आत्याने विचारलं. लहानपणी माझ्या वेण्या घालणाऱ्या आत्याला नाही म्हणायचं मनात आलं नाही. नवऱ्याशी बोलले, तो हो म्हणाला. सासूबाईंना मात्र सांगितलं की पोटात छोटी गाठ आहे, ती काढायचीय. खोटं बोलले. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा दुसरं काही सुचलं नाही.

पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून रोज पोटात एक इंजेक्शन. दहा दिवस. औषध फ्रीजमध्ये दह्याच्या पातेल्यामागे एका स्टीलच्या डब्यात लपवलेलं. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. मग एक शेवटचं इंजेक्शन रात्री ठरलेल्या मिनिटाला, आणि त्यानंतर साधारण छत्तीस तासांनी भूल देऊन योनीमार्गातून सुईने बीजं काढली. वीस मिनिटांचं काम. मरणप्राय वेदना वगैरे काही नाही. पण पोट फुगलं, चार दिवस साडी नेसता येईना. अशा वेळी बीजाशयं प्रमाणाबाहेर सुजतात, पोटात पाणी साचतं, आणि क्वचित ते जिवावरही बेतू शकतं, हे मला नंतर वाचून कळलं. सही घेताना कोणी नीट समजावलं नव्हतं. कागद इंग्रजीत होता, मी पदवीधर, तरी पूर्ण वाचला नाही. त्याची प्रत मला मिळाली नाही, मीही मागितली नाही.

त्या सकाळी माझ्या शेजारच्या खाटेवर आणखी एक बाई होती. माझ्याच वयाची असावी. तसाच हिरवा गाऊन. धुणीभांडी करते म्हणाली. "तुमची पहिली वेळ का? माझी तिसरी," असं तिने मला धीर द्यायला सांगितलं. "काही होत नाही, झोप लागते नुसती." पैसे मुलीच्या शाळेसाठी हवे होते.

दुपारी आम्ही दोघी बाहेर आलो. मला न्यायला आत्या, ताई, ताईचा नवरा, सगळे. शहाळ्याचं पाणी, हातात पैठणी, आत्याने तिथेच दवाखान्यात माझी ओटी भरली. ताई माझ्या पाया पडायला वाकली, मी तिला अडवलं. ती दुसरी बाई जिन्याजवळ उभी होती. तिला घेऊन आलेल्या माणसाने पाकिटातल्या नोटा मोजल्या, काही स्वतःच्या खिशात टाकल्या, उरलेल्या तिला दिल्या. ती रिक्षा न करता चालत गेली.

पुढचे चार दिवस मला रोज तीन-तीन फोन यायचे. पोट कसंय, लघवी होतेय ना, दम लागत नाही ना. तिला कोणी फोन केला असेल का? मला नाही माहीत. मी तिचं नाव विचारलं नव्हतं. इतिहास शिकवते मी, वर्गात सांगते की सामान्य माणसांची नोंद ठेवली पाहिजे, आणि माझ्या हाताच्या अंतरावर होती त्या बाईचं नाव मी विचारलं नाही.

आम्ही दोघींनी एकच गोष्ट दिली. मला त्यागमूर्ती म्हटलं गेलं, तिला डोनर. मला ओटी, तिला कापलेलं पाकीट. हा फरक बीजाचा नव्हता. आमच्या घरादाराचा होता.

त्या काळात कायदाच नव्हता. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २००५ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या होत्या, पण त्या न पाळणाऱ्याला शिक्षा नव्हती. २०१० च्या कायद्याच्या मसुद्यात एका बाईने आयुष्यात सहा वेळा बीज द्यायला हरकत नाही असं म्हटलं होतं. मसुदे येत राहिले, कायदा होत नव्हता. त्याच २०१० साली मुंबईत एका सतरा वर्षांच्या मुलीचा स्त्रीबीज दिल्यानंतर दोन दिवसांत मृत्यू झाला. भंगाराच्या कामावर जाणारी मुलगी. वय कमी, आणि ही तिची पहिली वेळही नव्हती. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. बातमी वाचली तेव्हा मला तो जिना आठवला.

शेवटी डिसेंबर २०२१ मध्ये संसदेने सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा केला, २५ जानेवारी २०२२ पासून तो लागू झाला. त्यातल्या देणारीशी संबंधित गोष्टी प्रत्येकीला माहीत असायला हव्यात, म्हणून सोप्या शब्दांत देते :

स्त्रीबीज देणारीचं वय २३ ते ३५ च्या दरम्यान हवं. तिने आयुष्यात एकदाच बीज द्यायचं आणि सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत. एका देणारीची बीजं एकाच जोडप्याला द्यायची. देणारी नोंदणीकृत बँकेमार्फतच आली पाहिजे. तिच्यासाठी बारा महिन्यांचा विमा मूल हवं असणाऱ्या जोडप्याने काढायचा. तिची लेखी संमती हवी. बीजांची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, पहिल्या वेळी पाच ते दहा लाख दंड, पुन्हा केला तर तीन ते आठ वर्षं कैद आणि वर दंड. आणि जन्मणारं मूल कायद्याने त्या जोडप्याचंच. देणारीचा त्या मुलावर कसलाही हक्क नाही.

कागदावर हे चांगलं आहे. सात बीजांच्या मर्यादेबद्दल डॉक्टरांची तक्रार आहे की इंजेक्शनं दिल्यावर किती बीजं पिकतील हे मोजून ठरवता येत नाही. त्यात तथ्य आहे. पण एकदाच, हा नियम मला पटतो. तिसऱ्यांदा आलेली ती बाई मी पाहिलेली आहे.

मात्र कायदा आला म्हणून धंदा थांबला असं समजू नका. २०२२ च्या जून महिन्यात तमिळनाडूतल्या ईरोडचं प्रकरण उघड झालं. सोळा वर्षांच्या मुलीचं खोटं आधार कार्ड बनवून तिची बीजं पुन्हा पुन्हा विकली गेली होती, आणि यात आरोपी तिची सख्खी आईच होती. मोबदल्यावर बंदी घातली की गरीब बाईची गरज संपत नाही. तो व्यवहार फक्त जिन्याखाली जातो. विमा तिथे पोचत नाही, फोन तर नाहीच.

आता मूळ प्रश्न, मूल आपलं कसं? ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे नेमका हाच प्रश्न आला होता. बायकोच्या धाकट्या बहिणीने स्त्रीबीज दिलं, सरोगसीतून जुळ्या मुली झाल्या. पुढे संसार फाटला आणि नवरा म्हणू लागला की बीज देणारी मेहुणीच खरी आई, बायकोचा मुलींवर हक्क नाही. न्यायालयाने ते साफ फेटाळलं. बीज देणारीला फार तर जनुकीय आई म्हणता येईल, पण तेवढ्याने तिला पालकत्वाचा हक्क मिळत नाही, असं सांगून आईला मुलींना भेटायची मुभा दिली. बायका-बायकांत झालेलं देणं-घेणं एका पुरुषाने बायकोविरुद्ध कसं वापरायचा प्रयत्न केला, तेही यात दिसतं.

सासूबाईंना कोर्टाचा निकाल पटणार नाही कदाचित. त्यांना पुराणच सांगा. देवकीच्या पोटातला सातवा गर्भ रोहिणीच्या पोटात नेला, ही कथा त्यांना माहीत असेल. (याला आपलं प्राचीन विज्ञान म्हणून कृपया फॉरवर्ड करू नका. ही कथा आहे. पण कथेतही लोकांचं मन दिसतं.) तो जन्मलेला बलराम. त्याचं एक नाव रौहिणेय, म्हणजे रोहिणीचा मुलगा. गर्भ देवकीचा, तरी ज्या बाईने पोटात वाढवून जन्म दिला तिच्या नावाने लोकांनी त्याला हाक मारली. आणि कृष्णाला आपण देवकीनंदनही म्हणतो, यशोदेचाही म्हणतो. दोन आया झाल्या म्हणून तो कुणाला परका वाटला नाही. स्त्रीबीज दानाने झालेलं बाळ नऊ महिने तुमच्या सुनेच्या रक्तावर वाढणार आहे. आपलं म्हणायला अजून काय हवं?

पण माझ्या विद्यार्थिनीला मला यापुढेही काही सांगायचंय. मूल तुझंच असेल, निर्धास्त राहा. मात्र ज्या दिवशी पैसे भरशील त्या दिवशी एवढं विचार : देणारीचा बारा महिन्यांचा विमा काढलाय ना, त्याचा कागद दाखवा. संमतीपत्र तिला मराठीत, तिच्या भाषेत वाचून दाखवलं का? त्याची प्रत तिला दिली का? बीजं काढल्यानंतर आठवडाभर तिच्या तब्येतीची चौकशी कोण करणार, त्या माणसाचं नाव सांगा. तिचं नाव तुला कळणार नाही, कळायलाही नको. पण हे चार प्रश्न विचारायचा तुला पूर्ण अधिकार आहे, कारण विम्याचे पैसे तूच भरणार आहेस. टाळाटाळ झाली तर दुसरीकडे जा.

आणि जी कोणी बीज द्यायचा विचार करत असेल, पैशासाठी असो की बहिणीसाठी, तिनेही ऐकावं. मध्यस्थाबरोबर जाऊ नका. वय खोटं सांगू नका. कागद घरी आणा, कुणाकडून तरी वाचून घ्या. नंतर पोट फार फुगलं, लघवी कमी झाली, दम लागला तर रात्र काढू नका, थेट दवाखाना गाठा. आणि घरच्यांपासून लपवून फ्रीजमध्ये डबा ठेवू नका. मी ठेवला होता. त्या दहा दिवसांत मला काही झालं असतं तर घरात कोणाला कारणसुद्धा कळलं नसतं.

ताईची मुलगी आता मोठी झालीय. ती बारा वर्षांची झाली तेव्हा ताईने तिला सगळं सांगितलं. तिने थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, "म्हणजे मावशी मावशीच ना?" हो, मावशीच. ही पोस्ट टाकण्याआधी ताईला आणि तिला वाचून दाखवली, दोघींनी हो म्हटलं. माझ्या सासूबाईंनाही काल सांगितलं, इतक्या वर्षांनी. त्या जरा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "तेव्हा सांगितलं असतंस तर डिंकाचे लाडू तरी केले असते."

मला ते लाडू आज ना उद्या मिळतील. त्या जिन्यावरून चालत गेलेल्या बाईची मुलगी आता पंचविशीच्या आसपास असेल. शिकली असेल, अशी आशा आहे.